चिपला झोपवायचं कसं?

आवाजाचे आकडे कसे होतात, ते मागे पाहिलं. आज उलटा प्रवास, आकड्यांतून पुन्हा व्होल्टेज. हे काम करणाऱ्या चिपला डीएसी म्हणतात. सेलवर चालणाऱ्या उपकरणात पहिला प्रश्न: ती वीज किती खाते?

मायक्रोचिप कंपनीची एमसीपी४७२५ घ्या. जेमतेम ३ मिलिमीटर लांब, सहा पायांची. १२ बिट, म्हणजे ४,०९६ पायऱ्या. चालू असताना साधारण २१० मायक्रोअँपिअर घेते. सीआर२०३२ हा बटण सेल सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा. भागाकार करा, कागदावर सव्वा-दीड महिना!

पण हिला झोपवता येतं. एक आज्ञा दिली की ती ६० नॅनोअँपिअरच्या आसपास येते. सेल पडून राहिला तरी याहून जास्त उतरतो. मी मात्र चिप झोपवली आणि मॉड्यूलवरचा लाल एलईडी विसरलो. तो एकटाच चिपपेक्षा जास्त खात होता. सेल संपल्यावर लक्षात आलं.

आता खरी मेख. हिला स्वतःचं संदर्भ व्होल्टेज नाही. पुरवठा हीच तिची मोजपट्टी. २०४८ आकडा दिला की पुरवठ्याच्या निम्मं मिळतं. सेल ३ व्होल्टवर असताना १.५, २.८ वर आला की १.४. आकडा तोच, उत्तर वेगळं! शिवाय २.७ च्या खाली तिची हमी नाही. अचूकता हवी असेल तर आधी जास्त व्होल्टेजची बॅटरी आणि रेग्युलेटर लावा. त्या रेग्युलेटरची स्वतःची वीजही हिशेबात धरा.