खांदेरी–उंदेरी

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील दोन जलदुर्ग. अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर, मुंबई बंदराच्या मुखाच्या दक्षिणेस ही दोन खडकाळ बेटे आहेत. उंदेरी किनाऱ्यालगत असून खांदेरी तिच्यापलीकडे, थळपासून सु. ५ किमी. आत आहे. मुंबईत शिरणारे प्रत्येक जहाज येथून दिसते आणि दोन्ही बेटांचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

शिवाजी महाराजांनी ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी याच्या देखरेखीखाली खांदेरीवर तटाचे काम सुरू केले. आपल्या व्यापारावर नजर ठेवणारे ठाणे दाराशी उभे राहत आहे, हे पाहून मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसून लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने ‘डव्ह’ हे जहाज पकडले. कॅप्टन मिंचिन व केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’ने मात्र मराठी नौकांना मागे रेटले. तोफांच्या माऱ्यात इंग्रज निश्चितच वरचढ होते. तरीही नाकेबंदी निष्फळ ठरली, याचे कारण नौकांच्या बांधणीत सापडते. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून असून त्यांना खोल पाणी लागे. मराठ्यांची गलबते व होड्या उथळ तळाच्या व वल्ह्यांनी चालणाऱ्या. वारा पडला, की जहाजे जागीच खिळत आणि होड्या रात्री खडकांमधून दगड, दाणागोटा व माणसे बेटावर पोहोचवीत. ज्या कातळाला परका नाखवा भीत असे, तोच स्थानिक दर्यावर्दींचा आडोसा होता. खांदेरीचे श्रेय केवळ तोफांना देणारी वर्णने म्हणूनच अपुरी वाटतात.

जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी व्यापून तटबंदी केली. दौलतखानाचा तिच्यावरील हल्ला फसला. सु. ८० वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून राहिली. १७६० च्या सुमारास उंदेरी मराठ्यांच्या हाती आली. दरम्यान १७१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवरील इंग्रजांची मोहीमही अयशस्वी झाली होती.

खांदेरीवर दोन टेकड्या असून त्यांच्यामधील खोलगट भागात धक्का आहे. तटाचे बुरूज, लोखंडी चाकांच्या गाड्यांवरील तोफा, आघात करताच धातूसारखा नाद देणारा एक दगड आणि १८६७ मधील दीपगृह ही पाहण्याजोगी आहेत. वेताळाचे स्थान कोळी समाजाच्या विशेष श्रद्धेचे असून किल्ल्याचा इतिहास ठाऊक नसलेले नाखवेही तेथे नारळ वाहतात. बेटास कान्होजी आंग्रे यांचेही नाव देण्यात आले आहे.

पनवेलजवळील कोन–पळस्पे परिसरातून दक्षिणेस जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गाने वडखळ व तेथून अलिबाग रस्त्याने थळला जाता येते; पुढील प्रवास होडीने करावा लागतो. पावसाळ्यात तो बंद असतो. इतर महिन्यांतही वेळ तांडेलच ठरवितो, कारण भरतीची वेळ रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. उंदेरीवर धक्का नसल्याने शेवाळलेल्या खडकावर उतरावे लागते. समुद्र जरा खवळलेला असला तरी होडी न टेकताच परत फिरते. ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. उंदेरीचा त्यांत समावेश नाही.