गाव मोजले, पाडा राहिला

जनगणनेनंतर प्रत्येक जिल्ह्याची एक पुस्तिका निघते. तिच्या एका भागात जिल्ह्यातल्या प्रत्येक महसुली गावाला एक ओळ मिळते. आधी सहा अंकी सांकेतांक, मग गावाचे नाव, क्षेत्रफळ, घरे, लोकसंख्या आणि त्यापुढे सोयींचे रकाने: शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, टपाल, बस, पक्का रस्ता, बँक, वीज. सोय गावात असेल तर ‘आहे’. नसेल तर ती किती लांब, हे एका अक्षरात सांगायचे. पाच किलोमीटरच्या आत असेल तर एक अक्षर, पाच ते दहाच्या मध्ये असेल तर दुसरे, दहाच्या पुढे तिसरे. उपकेंद्र कुठे हवे, रस्ता आधी कुणाला, निधी किती, हे ठरवताना सरकारी टेबलावर असते ती ही ओळ. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी ती वाचायला घेतली की तिच्यात काय मावलेले नाही ते एकेक करून दिसू लागते.

आधी जिल्ह्याचा आकार पाहू. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ कोटी १० लाख ६० हजार १४८ माणसे, आणि दहा वर्षांतली वाढ ३६ टक्के. एकाच जिल्ह्यात सात महानगरपालिका होत्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. ठाण्याकडे सात तालुके उरले: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, मुरबाड. २०११ च्या हिशेबाने त्यांची लोकसंख्या ८० लाख ७० हजार ३२. त्यातली ६६ लाखांहून अधिक माणसे ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर या सहा महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूर या दोन नगरपालिकांच्या हद्दीत. म्हणजे शहरांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठाण्यात तेव्हा जवळजवळ चौदा लाख माणसे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली होती. हा आकडा लहान नाही, पण शेजारच्या ६६ लाखांमुळे तो लहान दिसतो. विभाजनापूर्वीच्या जिल्ह्याची साक्षरता ८४.५३ टक्के असे वाचतो तेव्हा मीरा रोडच्या इमारती आणि मोखाड्याचे पाडे एकाच भागाकारात गेलेले असतात. त्या सरासरीवरून शहापूरच्या कातकरवाडीबद्दल काहीही कळत नाही.

शहापूर हा आजच्या ठाणे जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती, मुरबाडची दोन लाखांच्या आत. पूर्ण शहापूर तालुका, मुरबाडमधली ७७ आणि भिवंडीतली ७२ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली यांची ही वस्ती. इथले गाव देशावरच्या गावासारखे एका जागी बसलेले नसते. मधे गावठाण, आणि ओहोळांच्या पलीकडे, टेपांवर, जंगलाच्या कडेला वाड्या आणि पाडे. महसुली गाव एक, पाडे पाच, सात, कधी त्याहून जास्त.

पुस्तिकेतल्या ओळीत ‘प्राथमिक शाळा: आहे’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. शाळा गावठाणात आहे. पण सोय गावाच्या हद्दीत आहे म्हटल्यावर अंतराचे अक्षर लिहायचा प्रश्नच येत नाही. पाड्यातल्या मुलाला शाळेपर्यंत तीन किलोमीटर चालावे लागते, मधला ओहोळ जुलैत दुथडी भरतो आणि दोन-दोन दिवस उतरत नाही. या गोष्टीला त्या ओळीत रकाना नाही. दवाखान्याचेही तेच. गरोदर बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या शहापूर-मुरबाडमधून दर पावसाळ्यात येतात. पुष्कळदा त्या अशा गावांतून येतात की जिथे ‘पक्का रस्ता: आहे’ हेही खरे असते. रस्ता गावापर्यंत आलेला असतो, पाड्यापर्यंत नाही.

पाण्याचा रकाना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. २०११ च्या पुस्तिकेत नळ, झाकलेली विहीर, उघडी विहीर, हातपंप, झरा असा प्रत्येक स्रोत वेगवेगळा विचारला आहे. तो वर्षभर चालतो का आणि उन्हाळ्यात चालतो का, हेही विचारले आहे. हा खरोखर चांगला प्रश्न. पण तिथे उन्हाळा म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर असे धरले आहे. उत्तरेकडच्या मैदानात ते ठीक असेल. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. कसाऱ्याच्या डोंगरपट्ट्यातली विहीर मार्चअखेर तळ गाठते, एप्रिल-मेमध्ये बाया तळाशी झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरतात, आणि जुलैत तीच विहीर काठोकाठ असते. हे दोन्ही काळ एकाच रकान्यात टाकल्यावर ‘चालते’ असे लिहिणारा खोटे लिहीत नाही आणि ‘चालत नाही’ असे लिहिणाराही नाही. पाड्यावरच्या बाईचे दोन महिने मात्र कुठेच उमटत नाहीत.

आणि हे त्या शहापुरात, जिथून मुंबई पाणी पिते. तानसाचे धरण १८९२ चे. भातसा त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने झाले आणि आज मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसाचे आहे. ते पिसे आणि पांजरापूरमार्गे शहराकडे जाते. धरणे तालुक्याच्या खोलगट भागात आहेत, पाडे उंचावर. जलवाहिन्या महानगराच्या गरजेप्रमाणे आखल्या गेल्या. त्यामुळे शहापूरच्या गावपाड्यांना पाणी देण्यासाठी शेवटी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखावी लागली. दरम्यान टँकर चालूच आहेत.

या टँकरांच्या यादीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेच्या टंचाई आराखड्यात आणि उन्हाळ्यातल्या टँकरच्या अहवालात नेहमी दोन आकडे असतात: इतकी गावे आणि इतके पाडे. पाड्यांचा आकडा गावांपेक्षा कितीतरी मोठा असतो. टँकरच्या चालकाला ‘गाव’ या नोंदीवर पाणी ओतता येत नाही, त्याला एका ठरावीक विहिरीपाशी जावे लागते. म्हणून त्या यादीत पाडा आपल्या नावाने येतो. प्रशासनाला पाडे माहीत नाहीत असे म्हणण्यात अर्थ नाही. दर उन्हाळ्यात त्यांची नावानिशी यादी तयार होते. कायमच्या सोयींचा हिशेब मांडताना मात्र ती यादी बाजूला पडते.

आता लोकसंख्येकडे येऊ, कारण सोयींचे निकष तिच्यावर उभे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३० हजार लोकांमागे, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे. उपकेंद्र पाच हजारांमागे, इथे तीन हजारांमागे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मैदानी भागात ५०० वस्तीची अट, आदिवासी भागात २५०. आदिवासी भागात ३०० लोकांमागे अंगणवाडी, दीडशेमागे मिनी अंगणवाडी. डोंगराचा विचार करून हे उंबरठे खाली आणले गेले आणि ते करणाऱ्यांची दृष्टी चांगलीच होती. प्रश्न उंबरठ्याच्या उंचीचा नाही. त्याला लावायचा आकडा कोणत्या महिन्यात घेतला, हा आहे.

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. संदर्भवेळ होती १ मार्चची मध्यरात्र. शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर फेब्रुवारीत कोण असते? भातकापणी आटोपते, दिवाळी होते, आणि कातकरी, ठाकूर कुटुंबे टेम्पोत सामान टाकून भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडायची असते. सोबत पोरेबाळे जातात, कोंबड्या जातात, कधी कुत्रेही जाते. होळीला चार दिवस घरी येतात आणि खरे परततात ते पाऊस तोंडावर आल्यावर. भट्टीवर त्यांचा मुक्काम भोंग्यात, म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेल्या झोपडीत. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात अशा भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना भोंगाशाळा म्हणतात. मुले सहा महिने तिथे असतात, हे ओळखून शाळाच त्यांच्यामागे गेली.

जनगणनेचा नियम असा की गणनेच्या पूर्ण काळात जो घरापासून दूर आहे, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. देशाची एकूण संख्या बिनचूक यावी, कुणी दोनदा मोजले जाऊ नये, यासाठी हा नियम योग्यच आहे. पण सोयींच्या हिशेबात त्याचा परिणाम उलटा होतो. ३२० माणसांचा पाडा धरा. त्यातली दीडशे माणसे भट्टीवर गेलेली. गणनेत पाडा १७० चा होतो. रस्त्याची २५० ची अट हुकते, अंगणवाडीची ३०० ची अट हुकते. ती दीडशे माणसे भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याशा गावाच्या खात्यावर चढतात. तिथे ती जूनमध्ये नसतात आणि असतात तेव्हाही त्या गावाची पाणीयोजना त्यांच्या भोंग्यापर्यंत पोहोचत नाही. एका हंगामाने दोन्ही गावांचे आकडे चुकवले आणि त्याचा भार एकाच कुटुंबावर पडला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या १०० वस्तीच्या पाड्यालाही रस्ता मिळण्याची तरतूद आली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन गट त्यात बसतात. या योजनेने मोजणीचे एकक गावावरून वस्तीवर आणले, हे तिचे मोठे योगदान मी मानतो. पण शेजारचा ठाकूरपाडा त्यात येत नाही, आणि ओहोळ दोघांनाही तोच ओलांडायचा असतो.

कल्याणच्या बाजूला हाच घोळ उलट्या दिशेने झाला. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा भोवतालची २७ गावे तिच्यात होती. २००२ मध्ये ती वगळली, १ जून २०१५ रोजी पुन्हा घेतली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. म्हणजे २०११ च्या जनगणनेने पिसवली, सोनारपाडा, नांदिवली, निळजे यांना ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोजले. महापालिकेचे १२ लाख ४७ हजार त्यांच्याशिवायचे आहेत, ती धरली तर आकडा पंधरा लाखांवर जातो. शेतजमिनीवर सात-सात मजले चढत होते, आणि घनकचरा, मलनिस्सारण, अग्निशमन यांचा भार ग्रामपंचायतीवर होता, जिच्याकडे त्यासाठी ना माणसे होती ना पैसा. जनगणनेत अशा ठिकाणांसाठी जनगणना नगर असा वर्ग आहे. वस्ती पाच हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला ४०० च्या वर आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, असे असले की ते गाव आकडेवारीत शहर ठरते. भिवंडीजवळचे काल्हेर, कोन, शहापुरातले वासिंद हे असे. पण या नोंदीने नगरपालिका मिळत नाही. अन्नसुरक्षेच्या कायद्यात मात्र ग्रामीण आणि शहरी हा फरक थेट ताटापर्यंत जातो: महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के लोकांना सवलतीचे धान्य, शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्क्यांना. आणि आधार दोन्हीकडे २०११ चाच. त्या साली जन्मलेले मूल आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे माणसांची गणना पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा भट्टीच्या हंगामात. राष्ट्रीय वेळापत्रक ठाण्याच्या पाड्यांसाठी बदलणार नाही आणि तशी मागणीही मी करणार नाही. पण दोन गोष्टी जिल्ह्याच्या हातात आहेत. पहिली, प्रगणक घरयादी करताना नजरी नकाशा काढतो. त्यात पाडा दिसतो, घर दिसते, पायवाट दिसते, विहीर दिसते. हे सगळे गोळा होऊन शेवटी एका गावाच्या बेरजेत विरघळते. घरांची यादी पाड्यानुसार राहील आणि सोयींचे रकाने पाड्यानुसार भरले जातील, असा आग्रह तहसील पातळीवर आधीपासून धरता येतो. सोयींची माहिती शेवटी स्थानिक तलाठी-ग्रामसेवकांकडूनच येते. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनी तिथल्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिलेली आहेच. ज्या पाड्यांनी ती धरली, त्यांची माहिती तरी वेगळी मागायला अडचण नसावी.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. अंगणवाडी सेविकेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत पाड्यातले प्रत्येक घर असते, प्रत्येक गरोदर बाई असते, प्रत्येक मूल असते. दरवर्षी ऑगस्टमध्ये, लावणी आटोपून माणसे घरी असताना, या वह्यांवरून शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या प्रत्येक पाड्याचा आकडा काढता येईल. रस्ते, अंगणवाड्या आणि पाणी यांच्या आराखड्यात तो जनगणनेच्या आकड्याशेजारी छापता येईल. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, जिल्हा परिषदेचा ठराव पुरतो.