काँक्रीटच्या पोटातलं पाणी

परतीचा पाऊस अजून रेंगाळतो आहे आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दिवाळीच्या सुट्टीतल्या जमिनीवरच्या इपॉक्सी कोटिंगच्या कामांची लगबग सुरू झाली आहे. सुट्टीत मशिनं बंद, शेड मोकळी, सोय उत्तम. पण चार महिने मुरलेलं पाणी याच सुमारास जमिनीत सर्वांत जास्त असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्यावर घट्ट झाकण बसवतो. मग फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खापर रंगावर फुटतं.

‘२८ दिवस झाले, काँक्रीट वाळलं’ हे साइटवर सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. २८ दिवसांचा हिशेब ताकदीचा, कोरडेपणाचा नव्हे. काँक्रीट नीट पसरावं म्हणून घातलेलं जादा पाणी पुढे कित्येक महिने बाहेर पडत राहतं. ट्रिमिक्समध्ये व्हॅक्यूमने त्यातलं थोडं ओढून घेतात. पण स्लॅबखाली प्लास्टिक अंथरलेलं नसेल, तर खालच्या सोलिंगच्या दगडांमधून ओल चढतच राहते. येताना ती सिमेंटमधले क्षारही वर आणते. १२-१३ पीएचचा हा मारा साध्या प्रायमरला सोसत नाही.

ओल रोखणारा दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर म्हणूनच लागतो, आणि त्यावरचा खर्च मला अजिबात वायफळ वाटत नाही. मात्र थिनर घालून फिरवलेला एक पातळ हात वाफ अडवत नाही. जाडी किती, हे दरपत्रकात लिहून घ्यावं. वरची सिमेंटची साय ग्राइंडिंग किंवा शॉट ब्लास्टिंगने काढलेली नसेल, तर सायीसकट प्रायमरही उचलून येतो.

त्याआधी ओल मोजायला हवी. ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवायचा, ही चाचणी स्वस्त आहे. पण ती वरच्या थराबद्दलच सांगते. खरी माहिती पोटात असते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अभ्यासातून एक फार सुंदर गोष्ट पुढे आली. उघड्या स्लॅबचा माथा कोरडा आणि तळ ओला असतो. वर कोटिंग बसलं की आतली ओल सगळीकडे सारखी पसरते, आणि शेवटी माथ्यावर जेवढी जमते तेवढी आधी ४० टक्के खोलीवर असते. म्हणून एकाच बाजूने वाळणाऱ्या १५० मिलिमीटर स्लॅबला ६० मिलिमीटर खोल भोक पाडून तिथली सापेक्ष आर्द्रता प्रोबने मोजतात. हा आकडा न पाहता प्रायमर निवडणारा कंत्राटदार मालकाच्या पैशांवर अंदाज बांधतो आहे.

प्रायमर सकाळी लावू नये. ऊन चढतं तशी छिद्रांतली हवा प्रसरण पावते, ओल्या थरातून बुडबुडे काढते आणि वाफेला वाटा करून देते. काँक्रीट निवू लागलं की, म्हणजे संध्याकाळी, काम घ्यावं. मात्र या दिवसांत दव पडतं, तेव्हा काँक्रीट दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम आहे हे पाहूनच डबे उघडावेत.