आंदळकर, गणपतराव
(१५ एप्रिल १९३५–१६ सप्टेंबर २०१८). विख्यात भारतीय मल्ल व वस्ताद. जन्म सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत या गावी. कुस्तीच्या ओढीने १९५० मध्ये ते कोल्हापूरला आले आणि मोतीबाग तालमीत राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयामुळे कोल्हापूर हे मल्लविद्येचे माहेरघर झाले होते. परंतु १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारी खुराकाचा आधार सुटला. पुढच्या पिढीतील मल्लांना दूध, तूप, बदाम यांचा खर्च बव्हंशी जत्रांतील इनामांवर आणि खासबागेसारख्या ठिकाणी तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांच्या बिदागीवर भागवावा लागे. क्रीडासंघटना त्यांना हौशी खेळाडू मानीत. वस्तुतः कुस्ती हीच त्यांची उपजीविका होती.

१९६० मध्ये पंजाबचा मल्ल खडकसिंग यास हरवून आंदळकरांनी ‘हिंदकेसरी’ किताब मिळविला. त्यांची खरी कसोटी मात्र १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत लागली. तांबड्या मातीतील कुस्ती चितपट होईपर्यंत चाले. गादीवर वेळ ठरलेली असे व गुण मोजले जात. ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली पकड करण्यास मनाई असते. त्यामुळे पट काढण्यासारखे, मातीतील मल्लाच्या हाडीमासी खिळलेले डाव तेथे निरुपयोगी ठरतात. असे असूनही आंदळकरांनी सर्वांत वरच्या वजनगटात याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. मुक्त शैलीत त्यांना रौप्यपदक लाभले. त्याच स्पर्धांत सांगली जिल्ह्यातीलच मारुती माने यांनीही मुक्त शैलीत सुवर्णपदक जिंकले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये आंदळकरांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. अर्जुन पुरस्काराचेही ते मानकरी होते.

पुढे मोतीबाग तालमीतच त्यांनी वस्तादकी केली. वस्तादाचे काम केवळ डाव शिकविण्याचे नसते. पठ्ठ्याची मेहनत, खुराक व वर्तन यांवर त्याची नजर असते. कोणाशी जोड लावायची आणि कोणती कुस्ती तूर्त नाकारायची, हेही तोच ठरवितो. बिदागीच्या मोहाने अकाली लावलेली मोठी जोड होतकरू मल्लाला कायमची नाउमेद करू शकते. स्वतः इनामाच्या कुस्त्यांत वाढलेल्या वस्तादाला हा धोका चांगला कळतो. त्यांच्या शिष्यांत दादू चौगुले अग्रगण्य होत. १९७० व १९७१ मध्ये ते ‘महाराष्ट्र केसरी’ झाले व १९७४ च्या क्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनी रौप्यपदक मिळविले. आंदळकरांचे पुणे येथे निधन झाले.