हेवी मेटल वाद्यवृंदातील तबकडीवादक

ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या वृंदाच्या १९७० सालच्या ध्वनिमुद्रिकांपासून हेवी मेटल या संगीतप्रकाराचा वाद्यमेळ बव्हंशी निश्चित झाला. विद्युत गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायकाचा कंठ हे त्याचे चार आधार होत. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही वृंदांनी यांत एका नव्या सभासदाची भर घातली. टर्नटेबलवर तबकड्या हाताळणारा ‘डीजे’ हा तो सभासद. दुसऱ्याने पूर्वी मुद्रित केलेला ध्वनी वाजविणाऱ्यास वादक म्हणावे, की तो केवळ काळाच्या अभिरुचीचा अलंकार मानावा, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या साधनाची क्रिया समजून घेणे अवश्य आहे.

तबकडीच्या खाचेत सुई असताना ती हाताने मागेपुढे हलविली म्हणजे मूळ ध्वनी मोडून एक खरखरता, बोलका नाद उमटतो. यासच ‘स्क्रॅच’ म्हणतात. न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स या भागात १९७५च्या सुमारास ग्रँड विझार्ड थिओडोर याने ही क्रिया प्रथम रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. तबकडीची गती दुप्पट झाली की ध्वनी एका सप्तकाने चढतो. म्हणजे एक हात नादाची उंची ठरवितो. दुसरा हात क्रॉसफेडर या सरकत्या दांडीने तो नाद क्षणात तोडतो वा जोडतो, आणि त्यातून लय निर्माण होते. १९७२ साली बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या जपानी यंत्रात पट्टा नसून मोटार थेट तबकाला जोडलेली आहे. त्यामुळे हात सुटताच तबकडी पूर्ववत् वेग घेते. नादाची उंची, काल आणि छेद या तिन्हींवर वादकाचे नियंत्रण असल्याने त्याच्या क्रियेस वादन म्हणण्यास तात्त्विक अडचण उरत नाही.

तथापि वादन असणे आणि वाद्यवृंदास त्याची गरज असणे या दोन भिन्न गोष्टी होत. रन-डीएमसी व एरोस्मिथ यांचे १९८६ मधील आणि अँथ्रॅक्स व पब्लिक एनिमी यांचे १९९१ मधील सहकार्य हे दोन संप्रदायांचे प्रासंगिक मीलन होते. कायम सभासदत्वाची अवस्था त्यानंतरची होय. हाउस ऑफ पेन या हिपहॉप वृंदातील डीजे लीथल हा पुढे लिंप बिझकिटमध्ये आला, आणि १९९७ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा सहभाग आहे. आयोवा राज्यातील स्लिपनॉटमध्ये सिड विल्सन १९९८ साली दाखल झाला. लिंकिन पार्कच्या २००० सालच्या ‘हायब्रिड थिअरी’ या ध्वनिमुद्रिकेत जो हान याच्यासाठी ‘क्युअर फॉर द इच’ ही एक संपूर्ण गायनविरहित रचना राखून ठेवलेली आहे.

या वृंदांत तबकडीवादकाकडे मुख्यतः तीन कार्ये येतात. पहिले कार्य लयीचे होय. खाली उतरविलेल्या गिटारांच्या दाट नादावर स्क्रॅचचा तीक्ष्ण छेद स्वतंत्रपणे ऐकू येतो आणि ड्रमच्या आघातांमधील अवकाश भरून काढतो. दुसरे कार्य वातावरणनिर्मितीचे. गीताच्या शांत भागात दूरचे आवाज वा कुजबुज यांची पार्श्वभूमी उभी केली, म्हणजे पुढे येणाऱ्या गिटारांचा भार अधिक जाणवतो. तिसरे कार्य एकल वादनाचे असून, परंपरेने ते गिटारवादकाचा मान समजले जाई.

केवळ मुद्रित आवाज सोडण्यासाठीच हा सभासद हवा होता, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु स्लिपनॉटच्या १९९९ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी त्या कामासाठी क्रेग जोन्स हा स्वतंत्र सभासद होताच. याहून बोलका पुरावा रेज अगेन्स्ट द मशीन या वृंदाचा. त्यांच्यात डीजे नव्हता; किंबहुना आपल्या १९९२ सालच्या ध्वनिमुद्रिकेत सँपल, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेला नाही, अशी नोंद त्यांनी आवर्जून केली. असे असूनही ‘बुल्स ऑन परेड’ या १९९६ सालच्या गीतात टॉम मोरेलो एका हाताने तारा घासून व दुसऱ्या हाताने गिटारवरील खटका उघडझाप करून स्क्रॅचचा नाद निर्माण करतो. एका वाद्याची बोली दुसरे वाद्य आत्मसात करू लागते, तेव्हा ती बोली संगीताच्या भाषेत सामावली असे समजण्यास हरकत नाही.

या स्थानास मर्यादाही आहेत. बेस व ड्रम यांची कंपने रंगमंचावरून सुईपर्यंत पोहोचतात. सुई उडते, किंवा तोच घरघराट ध्वनिवर्धकातून परत येतो. स्वरसंगती सांभाळण्याचे सामर्थ्यही टर्नटेबलात अल्प आहे. डेफ्टोन्समधील फ्रँक डेलगाडो आणि इन्क्युबसमधील क्रिस किल्मोर हे दोघेही तबकडीवादक म्हणून आले आणि पुढे कीबोर्डाकडे वळले, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. साधन बदलले तरी वादकाची गरज संपली नाही. गिटारांच्या भिंतीपलीकडचा अवकाश निर्माण करण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले.

सारांश, तबकडीवादकाचे महत्त्व त्याच्या नावीन्यात शोधणे योग्य नव्हे. रचनेतून त्याचा नाद वगळला असता लय, अवकाश वा एकल वादन यांपैकी काही उणे पडते काय, हीच त्याची कसोटी होय. जेथे काही उणे पडत नाही, तेथे तो अलंकार. जेथे पडते, तेथे तो इतरांच्या बरोबरीचा वादक आहे.