अल्पवयीन वाहनचालक आणि पालकांचे कर्तव्य



गावाजवळून महामार्ग गेला की दळणवळण वाढते, बाजार जवळ येतो, मुलांना तालुक्याच्या कॉलेजात जाता येते. त्याचबरोबर ताशी ८०-१०० किलोमीटर वेगाची वाहने वस्तीच्या दारावरून धावू लागतात. जिथे सायकलही अपूर्वाईची होती, त्या आपल्या वस्त्यांत आज अनेक घरी मोटारसायकल आली आहे. कर्ज काढून, कष्टाने घेतलेली ही गाडी प्रगतीची खूण आहे यात शंका नाही. परंतु तिची चावी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गेली, तर तीच गाडी घर उद्ध्वस्त करू शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्यू पावली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे २ टक्केच आहे. पण या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के त्यांवर झाले. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५० हजार दुचाकीस्वार व मागे बसणारे प्राणास मुकले.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविता येत नाही. १६ वर्षांनंतर फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी, तीही परवाना घेऊन, चालविता येते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर व मोटारसायकली १०० सीसी किंवा त्याहून मोठ्या आहेत. म्हणजे ही सवलत त्यांना लागू नाही. ट्रॅक्टर शेतात चालतो म्हणून रस्त्यावर मुलाने चालवावा, असेही नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते.

याहून मोठा फटका विम्याचा असतो. चालकाकडे परवाना नसेल तर विमा कंपनीने अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई ती न्यायालयाच्या आदेशाने मालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम काही लाखांत गेली, तर भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबाची दोन पिढ्यांची कमाई त्यात जाते.

"मुलाला गाडी उत्तम येते"

असे अनेक पालक अभिमानाने सांगतात. पण क्लच-गिअर जमणे वेगळे आणि रस्ता ओळखणे वेगळे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी २० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. समोरून तितक्याच वेगाने वाहन येत असेल, तर सहा सेकंदांत दोघांमधले २०० मीटर अंतर संपते. ओव्हरटेक करताना हा अंदाज बांधायला अनुभव लागतो. मागे दोन मित्र बसलेले असले की मुलाला त्याचे भानही राहत नाही.

गावाकडील रस्त्याचे धोकेही वेगळे आहेत. पांदीतून गाडी एकदम महामार्गावर येते. लांबचा वळसा टाळण्यासाठी उलट्या दिशेने जाण्याची सवय पडलेली असते. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले असते. अंधार पडल्यावर यांतील एकेक गोष्ट जीवघेणी ठरते.

दोष एकट्या मुलाचा नाही

शाळा दूर, एस.टी. वेळेवर नाही, क्लास सुटतो तेव्हा अंधार पडलेला. म्हणून मूल गाडी मागते. ही अडचण खरी आहे आणि तिला केवळ उपदेश हे उत्तर नव्हे. एस.टी. महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत देते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. शाळेच्या वेळेला गाडी नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्यावा व त्याचा पाठपुरावा करावा. महामार्गाच्या फाट्यावर दिवा, सूचनाफलक व गतिरोधक पट्टे यांची मागणीही अशीच लेखी करावी. हे काम आपल्या संस्थेने हाती घेण्याजोगे आहे.

अपघात झालाच तर १०८ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. मदत करणाऱ्यास कलम १३४-अ चे संरक्षण आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

धम्माची दृष्टी

तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सदैव सावध राहण्याला, सर्व कुशल कर्मांचे मूळ मानले. धम्मपदाचा दुसरा वग्ग याच नावाचा आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून परावृत्त करते. पाचवे शील मद्य टाळण्यास सांगते, कारण ते प्रमादाचे स्थान आहे. बेसावधपणे हाकलेली गाडी या दोन्ही शीलांच्या आड येते.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. वाईटापासून रोखणे हे त्यांतील पहिले, तर योग्य वेळी वारसा स्वाधीन करणे हे शेवटचे. येथे 'योग्य वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडीची चावीही अशीच योग्य वेळी द्यायची वस्तू आहे. ती वेळ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण, हातात परवाना आणि डोक्यावर हेल्मेट.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्या हाती पुस्तक दिले. कॉलेजात पोहोचणारी आपल्या घरातील पहिली पिढी आपण असाल, तर आपल्या जिवावर साऱ्या घराचा हक्क आहे. दोन वर्षे एस.टी.ने गेल्याने काहीही बिघडत नाही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!