पहिला गेमिंग पीसी: व्याज न भरता, दोन टप्प्यांत

दहावी-बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. "अब्बू, गेमिंग पीसी घेऊया ना. अभ्यासालाही होईल." मग एकतर सरळ "नाही" म्हटलं जातं, नाहीतर दुकानदार देईल तो डबा हप्त्यांवर घरी येतो. हप्त्यांत व्याज आलंच. आणि तो डबा दीड-दोन वर्षांत रडायला लागला की मुलगा म्हणतो, "हा जुना झाला, नवीन घ्या."

याच्या मधला एक रस्ता आहे. पीसी सुट्ट्या पार्टचा जोडायचा आणि तो दोन टप्प्यांत पूर्ण करायचा. जे पार्ट पाच-सात वर्षं टिकायला हवेत ते आधी आणि चांगले घ्यायचे. सगळ्यात महाग पार्ट, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पैसे जमले की नंतर बसवायचं. इसराफही नको आणि जिथे कंजूषी महागात पडते तिथे कंजूषीही नको. आता कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आवरायचा, ते एकेक करून बघू.

आधी विचारा: खेळणार काय?

दुकानात जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला कागदावर गेमची नावं लिहायला सांगा. यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 किंवा जीटीए 5 यांसारखी नावं असतील, तर सुरुवातीला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. काही प्रोसेसरच्या आतच बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स असतं. यादीत नवे, मोठे, चित्रपटासारखे गेम असतील, तर मात्र कार्डाशिवाय भागणार नाही.

दुसरा प्रश्न स्क्रीनचा. पहिल्या पीसीला 1080पी, म्हणजे 1920 बाय 1080 चा मॉनिटर पुरेसा आहे. स्क्रीनवर जितके जास्त ठिपके, तितकं ग्राफिक्सचं काम जास्त. 4के मॉनिटर घेतला, तर तो पेलणारं कार्ड बजेटच्या कितीतरी बाहेर जातं.

शंभर रुपयांचा हिशोब

भाव महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथे किमती देत नाही. प्रमाण लक्षात ठेवा. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस सोडून पूर्ण पीसीसाठी 100 रुपये धरले, तर वाटणी साधारण अशी करावी:

- ग्राफिक्स कार्ड: 35
- प्रोसेसर: 17
- मदरबोर्ड: 13
- रॅम: 12
- एसएसडी: 10
- एसएमपीएस (पॉवर सप्लाय): 8
- कॅबिनेट: 5

2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले, एसएसडीही महागली. त्यामुळे रॅम-एसएसडीचा वाटा वाढला तर घाबरू नका, तो कॅबिनेटच्या रंगीत लाइटमधून कापा. या पार्टवर 18 टक्के जीएसटी असतो. दुकानदार भाव सांगेल तेव्हा "टॅक्स धरून का?" हे आधी विचारा.

आता यातले 35 बाजूला काढा. उरलेले 65 म्हणजे आपला पहिला टप्पा.

पहिला टप्पा: कार्डाशिवाय चालणारा पीसी

या टप्प्यासाठी ओळखीचा प्रोसेसर म्हणजे एएमडीचा रायझन 5 5600जी. 2021 मध्ये आलेला हा प्रोसेसर 6 कोअर आणि 12 थ्रेडचा आहे. नावातला 'जी' महत्त्वाचा, कारण त्याचा अर्थ आत ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट त्यावर कमी सेटिंग ठेवून आरामात 60 एफपीएसच्या वर चालतो. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा. 60 असला की डोळ्यांना खेळ सलग वाटतो. अभ्यास, कोडिंग, टॅली आणि साधं व्हिडिओ एडिटिंगही निभावतं.

हेच 'जी' नसलेला 5600 घेतला, तर त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड बसवेपर्यंत स्क्रीन काळीच राहील. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असला, उदाहरणार्थ 12100एफ किंवा 12400एफ, की तिथेही ग्राफिक्स नसतं. हे प्रोसेसर चांगले आहेत, पण ज्यांना कार्ड पहिल्याच दिवशी घ्यायचंय त्यांच्यासाठी. पुढे कार्ड लावल्यावर 5600 हा 5600जी पेक्षा थोडा जलद चालतो, हे खरं आहे. टप्प्याटप्प्याने जाण्याची तेवढी किंमत आपण मोजतो.

मदरबोर्ड बी550 घ्या, बजेट ताणलं तर बी450. बी450 जुन्या स्टॉकचा असेल तर "बायोस अपडेट आहे का?" हे विचारा, नाहीतर बोर्ड नवा प्रोसेसर ओळखणार नाही. दुकानातच अपडेट करून घ्यावं. कुणी एएम5 चा नवा बोर्ड सुचवेल. त्यात पुढे वाव जास्त आहे, पण त्याला डीडीआर5 रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो.

रॅम 16 जीबी, डीडीआर4, 3200 ची. एक 16 ची पट्टी न घेता 8-8 च्या दोन घ्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते याच रॅमवर चालतं. दोन पट्ट्या म्हणजे दोन नळ एकदम सोडल्यासारखं. एकच पट्टी असली की गेमचा वेग चांगलाच पडतो. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे ना, तेही बघा. ते बंद असलं तर अनेक पट्ट्या आपल्या वेगापेक्षा कमीवर चालत राहतात आणि कुणाला कळतही नाही.

एसएसडी एनव्हीएमई, किमान 500 जीबी. एकटा जीटीए 5 शंभर जीबीच्या आसपास जागा खातो, म्हणून 1 टीबी जमली तर उत्तम.

एसएमपीएस: इथे कंजूषी नको

घरातली 230 व्होल्टची वीज पार्टना लागणाऱ्या 12 व्होल्टमध्ये बदलण्याचं काम एसएमपीएस करतो. तो हलका निघाला आणि जळला, तर कधी कधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो. आणि नेमका हाच पार्ट दुकानदार "कॅबिनेटसोबत फ्री" म्हणून देतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. डब्यावरचं लेबल वाचा. '+12व्ही' च्या खाली अँपिअरचा आकडा असतो. त्याला 12 ने गुणा. 45 अँपिअर असेल तर 540 वॅट, म्हणजे 550 वॅटचा दावा खरा. पण बाहेर मोठ्या अक्षरांत 450 वॅट आणि आत 12 व्होल्टवर फक्त 15 अँपिअर असेल, तर कामाचे वॅट 180 च. सातवीच्या मुलालाही जमेल असा हा गुणाकार आहे. तो दुकानातच करा.

आपल्याला लागतं किती? 5600जी जास्तीत जास्त 88 वॅटच्या आसपास खातो, पुढे लागणारं कार्ड 132 वॅट, बाकी सगळं मिळून 50 धरा. एकूण 270. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस ब्रॉन्झ असलेला 550 वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. 'ब्रॉन्झ' म्हणजे वीज कमी वाया जाते. टिकाऊपणाची खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून कंपनी आणि वॉरंटीही बघा. ग्राफिक्स कार्डासाठी 8 पिनची वायर आहे ना, हे आताच तपासा.

भारनियमन असलेल्या गावात यूपीएस हवाच. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. कार्ड आल्यावर ते काठावर येतं, म्हणून जमलं तर 1000 व्हीएच्या आसपासचा घ्या. घरातलं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. लाइट बिलाची काळजी असेल तर हिशोब असा: कार्डासकट मॉनिटर धरून 300 वॅट, रोज तीन तास, म्हणजे महिन्याला सुमारे 27 युनिट.

दुसरा टप्पा: ग्राफिक्स कार्ड

ईदी, छोटी-मोठी कमाई आणि घरची बचत मिळून वर्षभरात पैसे जमले की कार्ड घ्या. 1080पी साठी एएमडीचं आरएक्स 6600, 8 जीबी, हे या बजेटमधलं भरवशाचं नाव. त्याला एकच 8 पिनची वायर लागते आणि आपला एसएमपीएस ते पेलतो. तोवर त्याच पैशांत याहून चांगलं कार्ड आलेलं असेल, तर थांबल्याचा फायदाच झाला.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लावायची. ती मदरबोर्डलाच राहिली, तर पैसे कार्डावर खर्च होतात आणि गेम जुन्याच ग्राफिक्सवर चालतो.

बाजारातले चार सापळे

*"आय7 आहे, स्वस्तात."* आय7 म्हणजे कोणत्या पिढीचा? 2011 चा आय7-2600 आणि 2022 चा आय3-12100, दोघेही 4 कोअर 8 थ्रेडचे. पण हा आय3 त्या आय7 ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. विंडोज 11 वर व्हॅलोरंटलाही टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट लागतं. जुना ऑफिसचा पीसी टायपिंगला ठीक, गेमिंगला नाही.

*"4 जीबी ग्राफिक्स कार्ड टाकून देतो."* कोणतं? जीटी 730 असेल तर ते 5600जी च्या आतल्या ग्राफिक्सपेक्षाही मंद आहे. जीबीचा आकडा कार्डाची ताकद सांगत नाही.

*एकच नाव, दोन वस्तू.* आरटीएक्स 3050 8 जीबीचं आणि 6 जीबीचं ही वेगवेगळी कार्डं आहेत. 6 जीबीचं हळू चालतं. आरएक्स 580 मध्येही '2048एसपी' लिहिलेलं कार्ड कमी ताकदीचं. पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या.

*जुनं कार्ड.* सेकंड-हँड घ्यायला हरकत नाही, पण पीसीला लावून, पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि सिरीयल नंबरवरून उरलेली वॉरंटी बघूनच.

पैसे हलाल, तर सॉफ्टवेअरही

"नो-कॉस्ट ईएमआय" हा शब्द ऐकून लगेच निश्चिंत होऊ नका. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट देतं आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी येतो. स्टेटमेंट उघडून बघा, व्याजाची वेगळी ओळ दिसेल. त्याचा शरई मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. पण दोन टप्प्यांत घेतलं, तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

पीसी जोडून झाला की दुकानदार म्हणतो, "विंडोज टाकून देतो, फ्री." ते बहुतेक वेळा क्रॅक केलेलं असतं. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक बुडतोच, आणि क्रॅकसोबत व्हायरस येऊन ज्या पीसीवरून आपण बँकेचे व्यवहार करतो तोच उघडा पडतो. बजेटमध्ये विंडोजचे पैसे धरा. अभ्यासापुरतं लिनक्स मोफत आणि कायदेशीर आहे, पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही. आणि क्रॅक गेमची गरजच काय? व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 मोफतच खेळता येतात.

दुकानात जाताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलात, तर निदान तीन दुकानांत तीच यादी दाखवा. ऑनलाइन भावही मोबाइलवर उघडा ठेवा. "हा पार्ट नाही, याच्यासारखाच दुसरा देतो" म्हटलं, तर घरी येऊन त्याचं पूर्ण नाव तपासा, मग ठरवा. ही यादी लिहून खिशात ठेवा:

1. रायझन 5 5600जी, सीलबंद डब्यातला, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. सुटा 'ट्रे'वाला नको.
2. बी550 मदरबोर्ड, दोन किंवा चार रॅम खाचांचा.
3. 8 जीबीच्या दोन डीडीआर4 3200 पट्ट्या.
4. एनव्हीएमई एसएसडी, 500 जीबी किंवा 1 टीबी.
5. 550 वॅटचा एसएमपीएस; 12 व्होल्टचे अँपिअर मोजून.
6. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट, हवा खेळायला.
7. जीएसटी बिल, प्रत्येक पार्टच्या सिरीयल नंबरसकट.

शक्य असेल तर जोडणी मुलांसमोर होऊ द्या, मुलींनाही बसवा. कोणता पार्ट काय करतो हे ज्याला कळलं, तो पुढे घरातला पीसी स्वतः दुरुस्त करतो, शेजाऱ्याचाही करून देतो. आणि वर्षभर थांबून, पैसे जमवून आणलेल्या कार्डाची कदर हप्त्यांवर आलेल्या डब्यापेक्षा नक्कीच जास्त होते. पीसी मात्र हॉलमध्ये ठेवा, म्हणजे गेम किती वेळ चालू आहे हेही दिसेल आणि अजान झाली की उठायची आठवणही राहील.